परीक्षा काजलची, धास्ती भैयाजींची

भैयाजी हेडाऊंची आणि माझी पहिली भेट झाली ती दवाखान्यात. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात सिस्टर होते आणि ड्यूटी अपघात विभागात होती. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून एका माणसाला आत आणलं. शर्ट घामाने ओला, हात छातीवर, ओठ कोरडे. कार्डिओग्राम काढला तर तो स्वच्छ. नाडी मात्र धावत होती. मी विचारलं, "काही जड उचललं का आज? कोणाशी भांडण झालं?"

"नाही जी. आज परीक्षा होती."

माणूस पन्नाशीला टेकलेला. मला वाटलं, नोकरीतली खात्याची परीक्षा असेल.

"तुमची?"

"माझी काहून असन? केयूरची. तबल्याची."

"केयूर मुलगा का तुमचा?"

"शिष्य आहे जी. पास होईन का तो?"

ते मला कसं ठाऊक असणार, असं मी इंजेक्शन भरता भरता म्हटलं. मग लक्षात आलं, त्यांना धरून आणणाऱ्या दोघांपैकी जो लहान होता तोच केयूर. त्याची परीक्षा झकास गेली होती. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून बिस्किटं खात होता, आणि गुरुजी खाटेवर.

इंजेक्शनच्या रांगेत मी आयुष्य काढलं आहे. ज्याला टोचायचं तो माणूस फार त्रास देत नाही, दात-ओठ खातो आणि मोकळा होतो. त्रास देते ती शेजारी उभी असलेली त्याची आई. भैयाजी हे त्या आईच्या जातीचे, एवढं निदान मी त्या दिवशीच केलं होतं.

पुढे मी निवृत्त झाले. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, लेक पुण्याला. घरात बसून भिंती बघायचा माझा स्वभाव नाही. विहारात कार्यक्रम असला, ढोलकी सुरू झाली, की माझी बोटं मांडीवर चालायला लागतात, हे लहानपणापासूनचं. तेव्हा ठरवलं, तबला शिकायचा. लकडगंजात एका लाकडाच्या गोदामावर क्लास चालतो असं कळलं. जिना चढून वर गेले तर समोर तेच, छातीवर हात ठेवणारे भैयाजी. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर "सिस्टर, तो केयूर पास झाला बरं का! पहिल्या वर्गात!"

हा माणूस शिकवतो सोन्यासारखा. खाली गोदामात लाकूड चिरायची मशीन बंद झाली की वर क्लास सुरू होतो. भुसा उडून वरपर्यंत येतो, दोन-चार शिंका झाल्याशिवाय कोणाचा हात गरम होत नाही. पण भैयाजी एकेका बोलासाठी पोरांची बोटं हातात घेऊन बसतात, आवाज कधी चढवत नाहीत. फी कोणी विसरलं तर तेही विसरतात.

त्यांची खोड एकच. तालाचं चक्र फिरून ज्या पहिल्या मात्रेवर परत येतं तिला सम म्हणतात, आणि भैयाजी समेवर मान हलवतात. थोडीथोडकी नाही, सगळं वरचं अंग घेऊन मान खाली येते. समेच्या दोन मात्रा आधी ती वर जायला लागते, म्हणजे विद्यार्थ्याला आगाऊ सूचना. त्यामुळे आमच्या क्लासात तबल्याकडे कोणी बघत नाही. सगळे भैयाजींच्या मानेकडे बघतात. मीही बघत होते. नुसत्या कानाने सम धरायची कोणाला गरजच पडली नाही.

मी एकदा सांगून पाहिलं, "भैयाजी, ही मान परीक्षेत घात करेल."

"कोणती मान?" ते म्हणाले. "मी कुठी मान हलवतो?" आणि असं म्हणताना त्यांच्या हाताखाली पेटी चालू होती, सम आली, आणि मान खाली गेली.

परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि केयूरनंतर भैयाजींनी एकाही पोराला बसवलं नव्हतं. कारणं तयार असायची. उन्हाळ्याच्या सत्रात म्हणायचे, घामाने बोटं पुडीला, तबल्याच्या वरच्या कातड्याला, चिकटतात. हिवाळ्याच्या सत्रात म्हणायचे, थंडीने बोटं आखडतात. एका मुलाची तयारी पक्की होती, तर त्याच्या चेहऱ्यावर म्हणे फाजील आत्मविश्वास दिसत होता, आणि तो बरा नाही. फॉर्म भरायची तारीख टळून गेली की भैयाजींचा चेहरा उजळायचा. त्या संध्याकाळी ते सगळ्यांसाठी आलूबोंडे मागवायचे. मुलं आलूबोंडे खायची, पण पालक काय खाणार? त्यांना प्रमाणपत्र हवं असतं. एकेक करून पोरं दुसऱ्या क्लासांना जायला लागली, जिथे दरवर्षी परीक्षा आणि दरवर्षी फोटो. गेलेल्या पोराचं आसन आठवडाभर तिथेच अंथरलेलं असायचं आणि मग कोणीतरी ते उचलायचं.

राहिली होती ती काजल. काजल नंदनवार, नववीत शिकणारी, बारीक अंगाची, तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारी. अशी शिष्या एखाद्याच गुरूच्या वाट्याला येते, आणि आली की भैयाजींसारख्याला ती सोसत नाही. ती वाजवायला लागली की ते एकदम गप्प होतात. तिची आई दिपाली घरी शिवणकाम करते. एके दिवशी ती थेट क्लासात आली. पायरीवरच चप्पल काढून उभी राहिली.

"भैयाजी, पुढच्या वर्षी पोट्टीची दहावी. या परीक्षेचे मार्क तिथं कामी येतात म्हणते शाळेतले सर. या सत्रात तिले बसवा. नाही बसवत असान तं तसं सांगा, मी तिले दुसरीकडे टाकतो. मले वाईट वाटते, पण मी काय करू?"

बोलली ती रास्तच. भैयाजी पेटीच्या भात्याशी चाळा करत बसले. काजल खाली बघत होती. तिला जायचं नव्हतं, हे कोणालाही दिसलं असतं.

"तसं नाही दिपालीताई," भैयाजी म्हणाले. "आपल्या क्लासातून ती एकटीच जाईन. एकटी पोट्टी घाबरून जाते. सोबत कोणी असतं तं बसवलं असतं."

आता घोडं कुठे पेंड खातं ते मला कळत होतं. सोबतीला कोणी नाही हे ठाऊक असल्यामुळेच त्यांनी ती अट काढली होती. उरलेली सगळी पोरं आठ-नऊ वर्षांची, नुकती हात बसवणारी. मला राग येतो तेव्हा मी विचार करत नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मी बसते सोबत," मी म्हटलं. "पहिल्या परीक्षेला. आणा फॉर्म."

भैयाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच पायावर धोंडा टाकला होता. पण दिपालीसमोर माघार कशी घेणार? दोन फॉर्म भरले गेले. काजलचा वरच्या परीक्षेचा, माझा सगळ्यांत खालच्या.

त्या दिवसापासून भैयाजींची पाचावर धारण बसली. मला वाटायचं, आपण दवाखाना सोडला खरा पण पेशंट पाठोपाठ आला. काजलने घरी कणीक मळायची नाही, मनगट भरून येतं. कूलरसमोर झोपायचं नाही, बोटं आखडतात. शाळेचं दप्तर तिने उचलायचं नाही. ते स्वतः संध्याकाळी तिच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिच्यामागून चालायचे. मैत्रिणी हसायच्या. शेवटी काजलनेच सांगितलं, "गुरुजी, तुमचा खांदा दुखन तं पेटी कोण वाजवन?" तेव्हा दप्तर सुटलं.

माझ्यासाठी असलं काही नव्हतं. मला एकच सूचना, "सिस्टर, तुम्ही बीपीची गोळी घेऊन या." मी म्हटलं, तुमचीही आणते.

तबल्याचं तर विचारू नका. शाळेला सुट्टी लागून मे महिना आलेला, नागपूरचं ऊन डोक्यावर आलं की तबल्याची कातडी ताणली जाते आणि सूर आपोआप चढतो. भैयाजी हातोडीने तो उतरवायचे. कूलर लावला की ओल्या हवेने सूर उतरायचा, मग ते चढवायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारभर त्यांचं हेच चाललं. शेवटी मी त्यांच्या हातातून हातोडी काढून पर्समध्ये ठेवली आणि सांगितलं, उद्या देईन.

केंद्र एका शाळेत होतं. परीक्षक बाई अमरावतीहून आलेल्या, सुती साडी, चष्मा, फार हसणाऱ्या नव्हेत. एका वेळी एकाला बोलवायचं आणि पुढच्या नंबरवाल्याने आत भिंतीशी बसून राहायचं, अशी पद्धत होती. काजलनंतर माझा नंबर, म्हणून मला सगळं डोळ्यांनी बघायला मिळालं. दिपाली बाहेर व्हरांड्यात, पदराने वारा घेत.

तबला वाजवणाऱ्याला सोबत लेहरा लागतो. पेटीवर एकच लहान सुरावट गोल गोल फिरवत ठेवायची आणि तिच्या आधाराने वाजवणाऱ्याने आपलं वाजवायचं. हा लेहरा बहुधा ज्याचा त्याचा गुरूच धरतो. म्हणजे ज्या माणसाला परीक्षेच्या दिवशी गावाबाहेर ठेवायला हवं, त्यालाच परीक्षकासमोर पेटी देऊन बसवतात. ही पद्धत कोणी काढली कोण जाणे.

काजलने सुरुवात केली. हात स्थिर, चेहरा स्थिर. भैयाजींनी लेहरा धरला आणि पहिल्याच समेला मान खाली गेली. दुसऱ्या समेला काजलची नजर तिकडे वळली. तिसऱ्या समेला परीक्षक बाईंचीही वळली.

"गुरुजी, तुम्ही मान हलवून तिला सम दाखवताय."

"नाही जी, मी कुठी हलवतो?" भैयाजी म्हणाले. पेटी चालूच होती आणि मान गेली खाली.

बाईंनी हात वर करून सगळं थांबवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असं करा, पेटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसा. मला मुलीचं ऐकायचं आहे."

भैयाजींनी पेटी उचलून भिंतीकडे फिरवली. बसले, आणि पाठीमागून मला फक्त त्यांची मान दिसत होती. आता ती हलायची नव्हती, म्हणून त्यांनी ती आवळून धरली होती. कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी बसल्या जागी माझ्या पर्समधली गोळी चाचपली.

काजल वाजवायला लागली. समोर मान नाही, काही नाही. एक आवर्तन झालं, दुसरं झालं, सम बरोबर आली. तिने डोळे मिटून घेतले आणि कायदा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, उचलला. मी खूश झाले. आणि तेवढ्यात पेटी घसरली.

झालं असं, की भैयाजींची ती मान नुसती मुलांसाठी नव्हती. इतकी वर्षं ते स्वतःही मानेनेच मात्रा मोजत होते. मान आवळली आणि हिशेब गेला. सुरावटीचा एक तुकडा त्यांनी गाळला आणि पुढे निघून गेले, आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही. लेहऱ्याची सम एकीकडे, तबल्याची दुसरीकडे. मला घाम फुटला. माझ्यासारख्या पहिल्या परीक्षेवालीला कळलं, तर परीक्षक बाईंना कळणारच. त्यांचं पेन थांबलं.

काजलला कळलं होतं. तिने डोळे उघडले, भैयाजींच्या पाठीकडे पाहिलं. कायदा सोडून ती साध्या ठेक्यावर आली. समेवरचा 'धा' तिने जरा जोर देऊन वाजवला. भैयाजी आपल्याच वाटेने. पुन्हा एक 'धा'. ते काही वळेनात. मग या पोरीने काय करावं? वाजवता वाजवता तोंडाने ठेका म्हणायला सुरुवात केली. खणखणीत. "धा धिं धिं धा, धा धिं धिं धा..." लहान मुलाला पायरी दाखवत खाली आणावं तसं एकेक मात्रा दाखवत म्हणत गेली. भैयाजींची पेटी अडखळली, थांबली, आणि पुढच्या समेला काजलच्या 'धा'बरोबर अचूक उतरली. त्याबरोबर तिने पुन्हा कायदा उचलला आणि तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर संपवलं.

भैयाजी भिंतीकडे तोंड करूनच बसले होते. वळायची त्यांची हिंमत नव्हती.

"मध्ये काय झालं होतं?" बाईंनी काजलला विचारलं.

काजल ओढणीचं टोक मुठीत धरून म्हणाली, "काही नाही बाई. गुरुजी जरा पुढं निघून गेले होते. त्यायले परत घेऊन आली."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. मग त्या भैयाजींच्या पाठीला उद्देशून म्हणाल्या, "गुरुजी, वळा आता. साथीदार चुकला की बहुतेक मुलं घाबरून थांबतात, नाहीतर त्याच्या चुकीमागे जातात. हिने यातलं काहीच केलं नाही. हे कोणी शिकवलं हिला?"

भैयाजी वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "मी तं नाही शिकवलं जी," ते म्हणाले. "मी कशाले शिकवन? मले वाटे, माझ्याबिगर हिचं होत नाही."

एवढा साधा माणूस मी पाहिला नाही. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग माझा नंबर. मी तबल्यापाशी जाऊन बसले, हातोडी भैयाजींना द्यायला काढली, तर ते उठून उभे. "सिस्टर, लेहरा काजल धरन, तिले पेटी येते. मी बाहेर बसतो." आणि पेटी काजलकडे सरकवून खरंच गेले. दार ओढून घेतलं. काही सूचना नाही, गोळीची आठवण नाही.

आता माझी गंमत ऐका. ऑपरेशन थिएटरमध्ये कधी हात डगमगला नाही असा माझा लौकिक. त्या दिवशी बोटं बर्फाची झाली. काजल लेहरा सुंदर धरत होती, पण ती मान हलवत नाही, तिला ती सवयच नाही. मी मात्र दर आवर्तनाला मान शोधत होते. शोधता शोधता दादरा तालात सम चुकले. सावरले, परत चुकले. परीक्षक बाई सौम्यपणे म्हणाल्या, "पुन्हा एकदा घ्या, घाई नाही." त्यांनी मला लहान मुलासारखं सांभाळून घेतलं, हे मला आणखीच लागलं. पास होण्याइतकं झालं असावं, पण मान खाली घालून बाहेर आले.

व्हरांड्यात भैयाजी दिसले नाहीत. माझी कल्पना, ते दाराला कान लावून उभे असतील, घामाघूम, छातीवर हात. थोडं पुढे गेले तर कोपऱ्यातल्या बाकावर, खिडकीतून येणाऱ्या कूलरच्या वाऱ्यात, भैयाजी आडवे. उन्हात डोक्याला गुंडाळायचा दुपट्टा उशाशी, तोंड उघडं, गाढ झोपलेले. शेजारी दिपाली रसाचे ग्लास घेऊन उभी, आणि पेटी ठेवून काजलही माझ्यामागून तिथे आली.

"उठवू का?" काजल हळूच म्हणाली.

"नको वं," दिपाली म्हणाली. "बम दिवसानं झोपले दिसतात. झोपू दे."

मी तिथे उभी राहिले आणि मला राग आला. खरा राग. काजलसाठी हा माणूस महिनाभर अर्धा झाला होता. केयूरसाठी खाटेवर पडला होता. आणि माझी परीक्षा चालू असताना घोरत होता! त्यांच्या धास्तीची एवढी टिंगल मी केली, पण ती माझ्या वाट्याला आली नाही तर मला किती एकटं वाटेल, हे मला ठाऊक नव्हतं. घरून निघताना लेकीचा फोनही आला नव्हता. माझ्यासाठी घाबरणारं त्या दिवशी सगळ्या नागपुरात कोणी नव्हतं.

मी भैयाजींचा खांदा धरून हलवला.

"भैयाजी, उठा. मी सम चुकले."

ते ताडकन उठून बसले. डोळे तांबारलेले, केस उभे.

"कुठी? दादऱ्यात? मले वाटलंच होतं! किती वेळा? बाई काय म्हणाल्या? चेहरा कसा होता त्यायचा? सिस्टर, पास तं होऊन राहिल्या ना तुम्ही? सांगा ना जी, काहून गप आहात?" त्यांनी एक हात छातीवर नेला आणि दुसऱ्याने बाकाची कड धरली.

मी त्यांच्या शेजारी बसले, पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली, आणि सगळं पहिल्यापासून, एकेक चूक, सावकाश सांगायला लागले.